दोनशे सोळा डॉलर आणि एकोणीस सेंट

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. राजधानीचे वॉशिंग्टन वेगळे, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला. या राज्यात कॅस्केड डोंगररांगेच्या पूर्वेला, कोलंबिया नदीच्या काठी वेनॅची हे सफरचंदांच्या बागांचे गाव वसले आहे. तिथल्या कॅस्केडियन हॉटेलात १९३३ पासून एल्सी पॅरिश नावाची बाई खोल्या झाडणे, चादरी बदलणे, न्हाणीघरे घासणे ही कामे करीत होती. आधी तासाला २२ सेंट, पुढे २५ सेंट. महामंदीचे दिवस होते, त्यामुळे दराबद्दल घासाघीस करायची कुणाची हिंमत नव्हती. मे १९३५ मध्ये हॉटेलने तिला कामावरून कमी केले.

राज्याच्या नियमाप्रमाणे ४८ तासांच्या आठवड्यासाठी स्त्री कामगाराला १४ डॉलर ५० सेंट मिळायला हवे होते. २५ सेंटांच्या दराने पूर्ण आठवडा भरला तरी हाती पडत होते १२. एल्सीने हा फरक जोडत नेला आणि थकबाकी काढली २१६ डॉलर १९ सेंट. हॉटेलने १७ डॉलर देऊन प्रकरण मिटवू पाहिले. तिने ते घेतले नाहीत. नवऱ्याला बरोबर घेऊन ती गावातल्या एका वकिलाकडे गेली आणि दावा लावला. त्या काळी असा दावा जिंकण्याची आशा शहाणा माणूस धरत नसे, कारण ज्या कायद्यावर तो उभा होता तसाच कायदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बारा वर्षांपूर्वी घटनाबाह्य ठरवला होता.

किमान वेतनाची कल्पना मुळात अमेरिकेची नव्हे. न्यूझीलंडने १८९४ मध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने १८९६ मध्ये असे कायदे केले. अमेरिकेत ती रुजवली फ्लोरेन्स केली आणि त्यांच्या नॅशनल कन्झ्युमर्स लीग या संघटनेने. मॅसॅच्युसेट्सने १९१२ मध्ये देशातला पहिला कायदा केला, पण त्याला दात नव्हते. कमी पगार देणाऱ्या मालकाचे नाव वर्तमानपत्रात छापायचे, एवढीच शिक्षा. पुढच्याच वर्षी आणखी आठ राज्यांनी कायदे केले आणि त्यांत वॉशिंग्टन होते. हे सगळे कायदे फक्त स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी होते. पुरुषाने आपला दर आपण ठरवावा, संघटना करावी, भांडावे. बाई मात्र दुर्बल, तिला राज्याने सांभाळावे, असा त्यामागचा विचार. विचार सदोष होता. तरीही न्यायालयाच्या दारातून आत शिरायला तेवढीच फट उपलब्ध होती.

ती फट १९२३ मध्ये बुजली. राजधानीच्या जिल्ह्यासाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९१८ मध्ये किमान वेतनाचा कायदा केला होता. तिथल्या एका हॉटेलात लिफ्ट चालवणाऱ्या विली लायन्स या २१ वर्षांच्या तरुणीला महिना ३५ डॉलर आणि दोन वेळचे जेवण मिळे. कायद्याप्रमाणे तिला जास्त द्यावे लागले असते, म्हणून हॉटेलने तिला काढून टाकले. ती न्यायालयात गेली ती हा कायदाच रद्द करा, असे सांगत. एका रुग्णालयाच्या दाव्याबरोबर तिचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि न्यायमूर्ती सदरलँड यांनी पाच विरुद्ध तीन असा निकाल लिहिला. मालक आणि नोकर यांना हवा तो करार करण्याचे स्वातंत्र्य आहे, सरकारने त्यात पडू नये. शिवाय स्त्रियांना आता मताचा हक्क मिळाला आहे, तेव्हा त्यांना वेगळ्या संरक्षणाची गरज उरलेली नाही. मतपेटीत चिठ्ठी टाकता येते म्हणून महिना ३५ डॉलरवर भागवावे, हे तर्कशास्त्र सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींना पटले होते.

वेनॅचीच्या स्थानिक न्यायाधीशांनी या निकालाचा आधार घेऊन एल्सीचा दावा फेटाळला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९३६ च्या वसंतात तिच्या बाजूने कौल दिला. लगोलग जूनमध्ये न्यू यॉर्कचे प्रकरण आले. ब्रुकलिनमधल्या एका लाँड्रीचा व्यवस्थापक जोसेफ टिपाल्डो धुलाईकाम करणाऱ्या बायकांना कायद्यापेक्षा कमी देत होता. राज्याने पकडले तेव्हा त्याने कागदावर पूर्ण पगार दाखवायचा आणि फरकाची रक्कम बायकांकडून परत घ्यायची अशी युक्ती काढली. ही युक्ती आपल्याकडच्या कंत्राटी कामगारांना नव्याने समजावून सांगायला नको. टिपाल्डोला अटक झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी न्यू यॉर्कचाच कायदा मोडीत काढला.

या वेळी मात्र देशभर संताप उसळला. मालकवर्गाचा पक्ष म्हणवल्या जाणाऱ्या रिपब्लिकनांनीसुद्धा त्याच महिन्यात आपल्या जाहीरनाम्यात स्त्रिया आणि मुलांसाठी असे कायदे करण्याचा राज्यांना अधिकार आहे, असे लिहून टाकले. नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. ५ फेब्रुवारी १९३७ ला त्यांनी न्यायालयावर थेट चढाई केली: सत्तरी ओलांडूनही पद न सोडणाऱ्या दर न्यायमूर्तीमागे एक नवा न्यायमूर्ती नेमायचा, जास्तीत जास्त सहा. आणि २९ मार्चला पाच विरुद्ध चार मतांनी एल्सी पॅरिश जिंकली. सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी निकाल लिहिला. करारस्वातंत्र्य हा शब्द घटनेत कुठेही नाही, हे त्यांनी दाखवून दिले. आणखी एक मुद्दा मांडला, तो मला अधिक मोलाचा वाटतो. मालक पोटापुरता पगार देत नाही तेव्हा उरलेला खर्च समाजाला सोसावा लागतो, म्हणजे निर्दय मालकाला जनताच अनुदान देत असते. सदरलँड आता अल्पमतात होते.

बाजू बदलली होती ओवेन रॉबर्ट्स या एका न्यायमूर्तींनी. ते रूझवेल्टच्या धाकाने बदलले, ही कथा इतकी गोड आहे की आजही पाठ्यपुस्तकांत तशीच सांगितली जाते. पण न्यायमूर्तींच्या बंद खोलीतले मतदान डिसेंबर १९३६ मध्येच झाले होते, रूझवेल्टची योजना जाहीर होण्याच्या कितीतरी आधी. रॉबर्ट्स यांच्यावर निवडणुकीच्या निकालाचा परिणाम झाला, लोकक्षोभाचा झाला, की वकिलाने या वेळी जुना निकाल उलटवण्याची सरळ मागणी केल्याचा झाला, यावर इतिहासकार अजून भांडतात.

या निकालाने अधिकार दिला तो राज्यांना. देशभराचा कायदा अजून व्हायचा होता. मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स त्यासाठी कधीच्या तयार होत्या. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या या पहिल्या स्त्री मंत्री. १९११ मध्ये न्यू यॉर्कच्या ट्रँगल कारखान्याला लागलेल्या आगीत खिडक्यांतून उड्या टाकणाऱ्या मुली त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मंत्रिपद स्वीकारण्यापूर्वीच त्यांनी रूझवेल्टना आपली यादी सांगितली होती आणि किमान वेतन तीत होते. विधेयकाचा मसुदा टेबलाच्या खणात ठेवून त्या योग्य वेळेची वाट पाहत होत्या.

मे १९३७ मध्ये सिनेटर ह्यूगो ब्लॅक आणि प्रतिनिधी विल्यम कॉनरी यांनी विधेयक मांडले. पुढच्याच महिन्यात कॉनरी वारले आणि धुरा न्यू जर्सीच्या मेरी नॉर्टन यांच्याकडे आली. सिनेटने जुलैच्या अखेरीस मंजुरी दिली. प्रतिनिधिगृहात मात्र कामकाज ठरवणारी समिती आडवी आली. तिथे बसले होते दक्षिणेकडचे डेमोक्रॅट, म्हणजे रूझवेल्टच्याच पक्षाचे. त्यांच्या राज्यांतल्या लाकूड वखारी आणि सूतगिरण्या स्वस्त मजुरीवर चालत, आणि काळ्या मजुराला गोऱ्याइतका दर देण्याची कल्पना त्यांना सहन होत नव्हती. गंमत म्हणजे कामगार संघटनांनाही विधेयकाचे फार प्रेम नव्हते. सरकारने ठरवलेला किमान दर उद्या कमाल दर होऊन बसेल, अशी त्यांना धास्ती. डिसेंबरमध्ये विधेयक सभागृहापर्यंत आले आणि तिथून पुन्हा समितीकडे परत पाठवले गेले.

त्याला जीवदान दिले दोन निवडणुकांनी. जानेवारी १९३८ मध्ये अलाबामात लिस्टर हिल आणि ३ मे रोजी फ्लोरिडात क्लॉड पेपर, दोघेही किमान वेतनाचा उघड पुरस्कार करून पक्षांतर्गत निवडणूक जिंकले. खुद्द दक्षिणेत. तीन दिवसांनी समितीच्या हातून विधेयक काढून घेण्याचा अर्ज सभापतींच्या टेबलावर आला, आणि लागणाऱ्या २१८ सह्या अडीच तासांच्या आत पुऱ्या झाल्या. सह्यांसाठी रांग लावणारे बरेच जण काही महिन्यांपूर्वी विरोधात होते, हे सांगायला नकोच. शनिवार, २५ जून १९३८ रोजी रूझवेल्टनी एका बैठकीत १२१ विधेयकांवर सह्या केल्या. त्यांतले हे एक. ताशी २५ सेंट, ४४ तासांचा आठवडा, आणि दर हळूहळू ४० सेंटांवर नेण्याची तरतूद. कायदा अमलात आला २४ ऑक्टोबरला.

इथे कायद्याच्या पोटात शिरून पाहिले पाहिजे. तो लागू झाला देशातल्या साधारण एक पंचमांश कामगारांना. केंद्राचा अधिकार आंतरराज्य व्यापारापुरता, हे त्याचे एक कारण, आणि दक्षिणेची मते मिळवण्यासाठी दिलेली किंमत हे दुसरे. शेतमजूर वगळले. घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या. म्हणजे दक्षिणेतल्या काळ्या कामगारांपैकी बहुसंख्य बाहेर राहिले. लाँड्र्या वगळल्या. आणि हॉटेले वगळली. जिच्या दाव्यामुळे हा कायदा शक्य झाला ती एल्सी पॅरिश १९३८ नंतरही खोल्याच झाडत राहिली असती, तर देशाच्या किमान वेतनातला एक सेंटही तिला लागू झाला नसता.

याच सुमाराचा आपला संदर्भ सांगण्यासारखा आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतन विधेयक मांडले. तो कायदा १९४८ मध्ये झाला. त्याच्या परिशिष्टात शेतीचे काम पहिल्यापासून होते. अंमलबजावणीचे काय झाले ते विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतमजुराला विचारावे. पण कायद्याच्या अक्षरापुरते बोलायचे तर अमेरिकेने जे १९६६ मध्ये आणि तेही अर्धेमुर्धे केले, ते इथे आधीच लिहिले गेले होते.

अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्याची झळही काहींना बसली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ शहरात हजारो मेक्सिकन-अमेरिकन बायका पेकन नावाचा सुकामेवा हाताने सोलत. आठवड्याची कमाई दोन-तीन डॉलर. १९३८ च्या सुरुवातीला एमा तेनायुका या तरुणीच्या नेतृत्वाखाली त्यांनी मोठा संप केला. ऑक्टोबरमध्ये २५ सेंटांचा दर आला आणि कारखानदारांनी सोलण्याची यंत्रे बसवली. पुढच्या दोन-तीन वर्षांत हजारो बायका कामाला मुकल्या. प्वेर्तो रिकोतल्या भरतकामाच्या धंद्यावरही असा घाला आला. काँग्रेसला १९४० मध्ये त्या बेटापुरता वेगळा मार्ग काढावा लागला. किमान वेतनाचे विरोधक आजही ही उदाहरणे देतात आणि ती खरी आहेत. मात्र आठवड्याला दोन डॉलर देणारा धंदा टिकायलाच हवा होता का, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

त्यानंतरची वर्षे भराभर ओलांडता येतील. १९५० मध्ये ७५ सेंट, १९५६ मध्ये एक डॉलर. १९६३ च्या ज्या मोर्चात मार्टिन लूथर किंग यांचे प्रसिद्ध भाषण झाले, त्या मोर्चाच्या मागण्यांत दोन डॉलरचे किमान वेतन होते. भाषण सगळ्यांच्या लक्षात आहे, मागणी फारशी कुणाच्या नाही. १९६६ च्या दुरुस्तीने हॉटेले, उपाहारगृहे, लाँड्र्या, रुग्णालये, शाळा आणि मोठी शेते कायद्याखाली आली आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये दर १ डॉलर ६० सेंट झाला. २०२५ च्या किमतीत तो १५ डॉलरच्या आसपास भरतो. खऱ्या क्रयशक्तीच्या हिशेबाने त्याहून वर केंद्राचा दर पुन्हा कधी गेला नाही. एलोरा डेरेननकोर्ट आणि क्लेअर मोन्टियालू या अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की त्या काळात काळ्या-गोऱ्यांच्या कमाईतली जी दरी कमी झाली, तिचा वीस टक्क्यांहून अधिक भाग या एका दुरुस्तीमुळे होता. १९३८ मध्ये कुणाला आणि का वगळले होते, याचा हा आकड्यांतला पुरावा.

मग आले गोठण्याचे पर्व. रेगनच्या काळात ३ डॉलर ३५ सेंटांचा दर १९८१ पासून १९९० पर्यंत तसाच राहिला. केंद्र थांबले तशी राज्ये हलू लागली. न्यू जर्सीने १ एप्रिल १९९२ ला आपला दर सव्वाचारवरून ५ डॉलर ५ सेंट केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केला नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची ४१० फास्ट फूड दुकाने वाढीआधी आणि वाढीनंतर तपासली. पुस्तकी नियमाप्रमाणे न्यू जर्सीतल्या नोकऱ्या घटायला हव्या होत्या; तशी घट त्यांना आढळली नाही. अर्थशास्त्रज्ञांत अक्षरशः युद्ध पेटले, ते अजून पुरते विझलेले नाही. क्रूगर २०१९ मध्ये गेले. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले.

वॉशिंग्टन राज्याने १९९८ मध्ये सार्वमताने आणखी एक शहाणपणा केला: राज्याचा दर महागाई निर्देशांकाला कायमचा बांधून टाकला. असे करणारे ते पहिले राज्य. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी जाहीर होतो, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटणार नाही. अमेरिकेत मात्र केंद्राची प्रत्येक वाढ म्हणजे काँग्रेसमध्ये नवे भांडण, अशीच रीत होती आणि आहे.

राज्यांच्या मागून शहरे आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २००३ मध्ये शहरापुरता वेगळा दर ठरवला. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी न्यू यॉर्कमध्ये फास्ट फूडच्या दुकानांतले सुमारे दोनशे कामगार काम सोडून रस्त्यावर उतरले. मागणी ताशी १५ डॉलरची. केंद्राचा दर तेव्हा सव्वासात होता, म्हणजे दुपटीहून जास्त. अनेकांना ते हास्यास्पद वाटले. वर्षभरात सिॲटलच्या विमानतळाभोवती वसलेल्या सीटॅक या छोट्या शहरात १५ डॉलरचा प्रस्ताव मतदानाला आला आणि सहा हजारांच्या आसपास मतांत फक्त ७७ मतांनी जिंकला. सात महिन्यांत सिॲटलच्या नगर परिषदेने तोच आकडा एकमताने मान्य केला. पुढे तिथल्या परिणामांवर दोन विद्यापीठांनी अभ्यास केले. एकाला कामाचे तास घटलेले दिसले, दुसऱ्याला उपाहारगृहांत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. दोन्ही बाजूंना हवे ते मिळाले आणि वाढ चालूच राहिली.

विरोधकांनीही धडा घेतला. काँग्रेसमध्ये लढण्यापेक्षा राज्य विधिमंडळातून शहरांचे हात बांधणे सोपे होते. अलाबामातले बर्मिंगहॅम हे काळ्यांची बहुसंख्या असलेले शहर. तिथल्या परिषदेने दर १० डॉलर १० सेंटांपर्यंत नेण्याचे ठरवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने घाईघाईने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. मिझुरीतल्या सेंट लुइसची गोष्ट याहून अजब. तिथे मे २०१७ मध्ये दर १० डॉलर झाला होता, लोकांच्या हातात पगार पडत होता, आणि २८ ऑगस्टला राज्याच्या कायद्याने तो पुन्हा ७ डॉलर ७० सेंटांवर आला. पुढच्याच वर्षी मिझुरीच्या मतदारांनी विधिमंडळाला बगल देऊन सार्वमतात राज्याचा दर टप्प्याटप्प्याने १२ डॉलरवर नेला. हा ट्रम्प यांना मते देणारा मतदार. फ्लोरिडानेही २०२० मध्ये तसेच केले: अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना कौल, आणि त्याच दिवशी १५ डॉलरच्या प्रस्तावाला साठ टक्क्यांहून अधिक मते. किमान वेतन हा डाव्यांचा हट्ट आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे निकाल वाचावेत.

काँग्रेसने शेवटची वाढ २००७ च्या कायद्याने केली. तिचा अखेरचा टप्पा, ७ डॉलर २५ सेंट, २४ जुलै २००९ ला लागू झाला. ५ मार्च २०२१ रोजी बर्नी सँडर्स यांचा १५ डॉलरचा प्रस्ताव सिनेटमध्ये ४२ विरुद्ध ५८ असा पडला. त्यांच्याच बाजूच्या आठ जणांनी विरोधात मत दिले. १९३८ पासून इतका दीर्घ काळ दर कधीच गोठला नव्हता. बक्षिशीवर काम करणाऱ्या वाढप्यांचा केंद्रीय दर तर १९९१ पासून २ डॉलर १३ सेंटांवर आहे. आज वीसएक राज्यांत केंद्राचाच दर चालतो. उरलेल्या राज्यांनी आणि त्यांच्या शहरांनी तो केव्हाच मागे टाकला आहे, त्यामुळे देशाचे किमान वेतन ही गोष्ट आता नावापुरती उरली आहे.

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व सीमेवर पुलमन नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथून बारा-तेरा किलोमीटरवर, सीमेपलीकडे आयडाहो राज्यात, मॉस्को हे दुसरे विद्यापीठाचे गाव. दोन्हीकडे तीच गव्हाची शेते, तसलेच विद्यार्थी, तसलेच बर्गर. २०२५ मध्ये पुलमनमध्ये बर्गर बांधून देणाऱ्याला तासाला निदान १६ डॉलर ६६ सेंट द्यावे लागत होते, मॉस्कोत ७ डॉलर २५ सेंट दिले तरी कायद्याने पुरेसे होते. मॉस्कोच्या नगर परिषदेला हा दर वाढवण्याची मुभा नाही. आयडाहोच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये कायदा करून शहरांना तशी मनाई केली आहे.